एकच ख्रिस्त आणि एकच बायबल, तरी ख्रिस्ती घरात एवढे मतभेद का? वेगळं मानणाऱ्या सासरच्यांशी कसं जमवायचं?

तुम्ही लिहिलंय की माहेर जुन्या मंडळीतलं, सासर एका नव्या संगतीतलं, म्हणजे नव्या वळणाच्या प्रार्थना-मंडळीतलं. लग्नाला वर्ष व्हायच्या आत सासूबाईंनी सांगितलं की लहानपणी डोक्यावर पाणी शिंपडलं तो बाप्तिस्माच नव्हे, आता पाण्यात उतरून पुन्हा घे. माहेरचे म्हणतात सहन कर. आणि तुम्ही विचारताय, सहन करायचं म्हणजे गप्प बसायचं का?

गप्प बसू नका. मनात धुसफुस ठेवून वर वर गोड बोलण्याला लोक सहिष्णुता म्हणतात, पण ती दोन-तीन सणांच्या पलीकडे टिकत नाही. मी कोल्हापूरचा, घराणं जुन्या प्रेस्बिटेरियन मंडळीतलं. एक मावशी कॅथलिक घरात दिलेली, थोरली बहीण नव्या संगतीत रमलेली. आमच्याकडे नाताळच्या जेवणाला तीन तऱ्हेच्या प्रार्थना होतात आणि तोवर पांढरा रस्सा निवतो, एवढीच काय ती तक्रार. वाद होतातच. पण कशावरून होतात ते एकदा नीट कळलं की आवाज खाली येतो.

आधी बाप्तिस्म्याचंच बघू. सासूबाई हट्टाने बोलत असतील, मनाचं नाही बोलत. विश्वास ठेवणाऱ्याने बाप्तिस्मा घ्यावा, असं त्या मार्काच्या शुभवर्तमानाच्या शेवटच्या अध्यायात वाचतात. तान्ह्या बाळाला कसला विश्वास, हा त्यांचा प्रश्न रास्त आहे. तुमच्या माहेरच्यांचंही बिनबुडाचं नाही. बायबलमधल्या ‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकात फिलिप्पैच्या तुरुंगाधिकाऱ्याने सगळ्या घरादारासकट बाप्तिस्मा घेतला, आणि देवाचा करार माणसाला कळायच्या आधीपासून त्याला धरून असतो, ही जुन्या मंडळ्यांची शिकवण. दोघांच्या हातात तेच पुस्तक.

या एका मुद्द्यावर माणसं जिवाला मुकली आहेत. स्वित्झर्लंडमधल्या झुरिकमध्ये फेलिक्स मान्झ नावाचा माणूस प्रौढांना नव्याने बाप्तिस्मा द्यायचा. 5 जानेवारी 1527 ला त्याला लिमाट नदीत बुडवून मारलं. मारणारे पोपचे लोक नव्हते, सुधारणावादी प्रोटेस्टंट नगरसभा होती! आणि आपल्याकडे? उत्तर भारतातल्या मंडळ्यांची एकीची बोलणी 1929 साली सुरू झाली आणि 29 नोव्हेंबर 1970 ला नागपुरात चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झालं. त्यात अँग्लिकन, प्रेस्बिटेरियनांची युनायटेड चर्च, बाप्टिस्ट, ब्रेदरन, डिसायपल्स, ब्रिटिश परंपरेतले मेथडिस्ट असे सगळे आले. बाळाचा बाप्तिस्मा आणि प्रौढाचा बाप्तिस्मा, दोन्ही रीती त्यांनी शेजारी शेजारी मान्य केल्या. कोणी कोणाला खोटं ठरवलं नाही. अमेरिकन परंपरेतले मेथडिस्ट मात्र अगदी शेवटच्या टप्प्यावर बाहेर राहिले. मला ते गैर वाटत नाही. पटत नसताना सही करण्यापेक्षा बाहेर राहून दारावर येत-जात राहणं बरं.

कोल्हापूरच्या मिशनचा जन्मच मुळी मतभेदातला म्हणावा असा. 1852 च्या अखेरीस रॉयल वाइल्डर हे अमेरिकन मिशनरी इथे आले. त्यांच्या पाठीशी असलेल्या अमेरिकन बोर्ड या मिशनसंस्थेचं म्हणणं, शाळा कमी करा, उपदेश वाढवा. वाइल्डर शाळांवर अडून बसले. बोर्डाशी फाटलं, बरीच वर्षं त्यांनी आपल्या हिमतीवर काम रेटलं, आणि 1870 साली कोल्हापूर प्रेस्बिटेरियन मिशनकडे गेलं. दोन्हीकडचे देवभिरूच होते.

आता घरातलं सांगतो, कारण खरी परीक्षा तिथे असते. गणपतीत शेजारच्या काकू मोदकांचा डबा घेऊन येतात. आई तो घेते, खाते, डबा रिकामा परत द्यायचा नाही म्हणून त्यात करंज्या घालून पाठवते. ताई देवापुढे ठेवलेलं काही खात नाही. एका वर्षी ताई माहेरी असताना काकू आल्या आणि दारातूनच म्हणाल्या, "हे वरचे चार मोदक नैवेद्य दाखवायच्या आधीच काढून ठेवलेत, ताईसाठी." ताईने जागेवर दोन खाल्ले. काकू गेल्या आणि मग आमच्यात जुंपली. आई म्हणाली, अन्नाला नावं ठेवू नयेत, मूर्ती म्हणजे काहीच नाही असं बायबलात प्रेषित पौलच म्हणतो. ताई म्हणाली, अगं पुढचंही वाच ना, हे नैवेद्याचं आहे असं कोणी सांगितलं तर खाऊ नका, हेही पौलच म्हणतो. दोघी बरोबर. करिंथकरांस पहिल्या पत्रातच दोन्ही आहेत, आठव्या आणि दहाव्या अध्यायात. बाजारात मिळेल ते चौकशी न करता खा, म्हणतो, कोणी जेवायला बोलावलं तर वाढतील ते खा, पण सांगणाऱ्याच्या मनासाठी थांब. पौलाला मोदकापेक्षा समोरच्या माणसाची जास्त काळजी आहे. ते काकूंना कळलं होतं, आणि त्यांनी ते पत्र वाचलेलं नाही.

रोमकरांस पत्राच्या चौदाव्या अध्यायात हाच धागा आहे. एक जण सगळं खातो, दुसरा फक्त भाजीपाला. एक जण एक दिवस मोठा मानतो, दुसऱ्याला सगळे सारखे. पौल निकाल देत नाही. प्रत्येकाने आपल्या मनाची खात्री करून घ्यावी आणि दुसऱ्याच्या चाकराला दोष देऊ नये, एवढंच सांगतो. काळ्या मण्यांच्या मंगळसूत्रात क्रूस घालावा की मंगळसूत्रच नको, हा आपल्या बायकांतला वाद मी याच खात्यात टाकतो. ताई टाकत नाही. असो.

म्हणून सगळंच चालतं असं नाही हं. गलतीकरांस पत्रात हाच पौल अंत्युखियात येशूचा शिष्य पेत्र याला तोंडावर सुनावतो, कारण तो परराष्ट्रीय भावांबरोबरच्या पंगतीतून उठायला लागला होता. मुद्दा पंगतीचा आला की पौल ऐकून घेत नाही.

पंडिता रमाबाईंचंही बघा. 1883 साली इंग्लंडमध्ये वाँटेजला अँग्लिकन बाप्तिस्मा घेतला, आणि बाप्तिस्म्यापर्यंत नेणाऱ्यांशीच पत्रांतून वर्षानुवर्षं वाद घातला. मी ख्रिस्ताच्या मंडळीची सभासद आहे, पण बिशप किंवा पाद्री म्हणतील तो प्रत्येक शब्द मानायला बांधील नाही, असा त्यांचा सूर. पुढे केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये त्या कुठल्या एका पंथाच्या चौकटीत बसल्या नाहीत. 1905 मध्ये तिथे पवित्र आत्म्याची जागृती झाली, मुली रडून, मोठमोठ्याने प्रार्थना करू लागल्या. जुन्या वळणाच्या पुष्कळांना तो प्रकार खटकला. तुमच्या सासरची संगत आज ज्या तऱ्हेने प्रार्थना करते तिची एक मुळी या मराठी मातीत आहे, हे माहेरच्यांना जरूर सांगा.

माझं एक कडवट निरीक्षण. आपल्या मंडळ्यांतली कोर्टापर्यंत गेलेली भांडणं मी जवळून पाहिली आहेत. त्रैक्य (पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा मिळून एक देव), बाप्तिस्मा, अन्यभाषा (आत्म्याच्या भरात अनोळखी भाषेत बोलणं) यांचा त्यात मागमूस नसतो. जागा कोणाच्या नावावर, विश्वस्त कोण, निवडणूक खरी की खोटी. मग वर शास्त्रवचनांचा मुलामा. सिद्धांतावर भांडणारी ताई मला त्यापेक्षा शंभरदा परवडते.

तर तुमच्यापुरतं. मनापासून वाटत नसेल तर सासूबाईंना बरं वाटावं म्हणून पाण्यात उतरू नका. तो त्यांच्या श्रद्धेचाच अपमान, कारण त्यांच्या लेखी विश्वासाशिवाय घेतलेला बाप्तिस्मा म्हणजे नुसती आंघोळ. हे त्यांनाच त्यांच्या शब्दांत सांगा: "आई, मला अजून तसं वाटत नाही, आणि न वाटता घेतलं तर तुम्हालाही चालणार नाही." त्यांच्या संगतीत जा, गाणी म्हणा. नारायण वामन टिळकांची भजनं सुरू झाली तर तुमचा आवाज त्यांच्यापेक्षा वर लागेल. माझ्या मावशीकडे मिस्साला गेलो की आम्ही ख्रिस्तप्रसाद, म्हणजे पवित्र भाकर, घ्यायला रांगेत जात नाही, कारण कॅथलिक मंडळीचा तसा नियम आहे. बाकावर बसून राहतो, आणि कोणाला त्यात कमीपणा वाटत नाही. तुमचं तारण झालंय की नाही, हे मात्र कोणी घरात ठरवू लागलं तर तिथे थांबवा. नम्रपणे, पण थांबवा.

आणि हे सगळं सासूबाईंच्या आधी नवऱ्याशी बोला. उद्या मूल झालं की शिंपडायचं की मोठं होईपर्यंत थांबायचं हा प्रश्न बारशाआधीच दारात उभा राहील. नव्या संगतींत बाळाचं समर्पण करतात, पाणी न लावता प्रार्थना करून. तुमच्या पाळकसाहेबांना ते चालेल का, आणि मुलाने पुढे आपलं आपण ठरवलेलं तुम्हा दोघांना चालेल का, हे आत्ताच विचारून ठेवा.