कॉर्टॅक्टिन वाढलं, बरं, पण कुठे?

वडगाव, बेळगाव

चि. पोरी,

अनेक आशीर्वाद. प्रोजेक्टचा मसुदा वाचला. निपाणीच्या वखारीतल्या बायकांची मशेरी तू लहानपणापासून बघत आलीस, तेव्हा तोंडाचा कर्करोग निवडलास यात नवल नाही. पण दुसऱ्या पानावर 'कॉर्टॅक्टिन वाढते, म्हणून पेशी शेजारच्या ऊतीत शिरते' असं एका दमात लिहून मोकळी झालीस, ते काही मला पटलं नाही.

कॉर्टॅक्टिन, म्हणजे पेशीच्या सांगाड्यातल्या ॲक्टिन या तंतूंना धरून राहणारं प्रथिन, वाढतं हे खरं. डोक्या-मानेच्या कर्करोगात 11व्या गुणसूत्राच्या 11क्यू13 या भागाच्या जादा प्रती बऱ्याचदा सापडतात आणि कॉर्टॅक्टिनचा जनुक तिथेच बसलेला आहे. पण साठा वाढला म्हणून पेशी चालायला लागत नाही. तो माल पेशीत कुठे आणि कधी जमतो, हे विचार.

यासाठी एक जुना, सोपा प्रयोग आहे. काचेवर चमकणाऱ्या जिलेटिनचा पातळ थर द्यायचा, त्यावर पेशी सोडायच्या आणि काही तासांनी सूक्ष्मदर्शकाखाली बघायचं. हिरव्या थरात बारीक काळी भोकं पडलेली दिसतात. तीच जागा ॲक्टिन आणि कॉर्टॅक्टिनच्या रंगात बघितलीस की बरोबर भोकावर दोन्हींचा ठिपका असतो. हे इन्व्हॅडोपोडिया, म्हणजे ऊतीत घुसायला पेशीने काढलेले बारीक पाय. टीकेएस5 हे प्रथिन त्यांची बैठक बांधतं, एन-वास्प आणि आर्प2/3 ही प्रथिनं ॲक्टिनला फांद्या फोडतात आणि एमटी1-एमएमपी हे विकर तिथे पोचून कोलॅजन कातरतं. कॉर्टॅक्टिन पेशीभर सारखं पसरलेलं असेल, तर वेस्टर्न ब्लॉटवर, म्हणजे पेशी फोडून प्रथिनाचा साठा बघतात त्या चाचणीत, पट्टी कितीही जाड येवो, भोक पडायचं नाही.

ॲक्टिनचा तंतू जेमतेम 7 नॅनोमीटर जाडीचा. पुढच्या टोकाला कण जोडले जातात, मागून सुटतात, आणि सुटलेले पुन्हा पुढे वापरले जातात. मंडपवाल्याने मागचे वासे काढून पुढे रोवत मंडपच सरकवावा, तसा हा प्रकार. मागचे वासे काढायचं काम बरंचसं कोफिलिन या प्रथिनाचं. ते नुसतं 'तंतू तोडणारे' म्हणून लिहू नकोस. तोडल्यावर मोकळी टोकं मिळतात आणि वाढ तिथूनच सुरू होते.

आणि या प्रथिनांना खलनायक करू नकोस. जखम भरताना कातडीच्या पेशी याच यंत्रणेवर सरकतात, पांढऱ्या पेशी याच जोरावर रक्तवाहिनीबाहेर पडतात. म्हणून तर थेट ॲक्टिनवर औषध देणं अवघड. हृदयाच्या स्नायूलाही तेच लागतं. सूक्ष्मनलिकांवर, म्हणजे पेशीच्या सांगाड्यातल्या दुसऱ्या, पोकळ धाग्यांवर, मात्र औषधं आहेत: आपल्या परसातल्या सदाफुलीपासून मिळणारं व्हिन्क्रिस्टीन, आणि पॅक्लिटॅक्सेल. त्यांचा मुख्य मारा विभाजनावर, पण हातापायाला मुंग्या येतात त्याही त्यांच्यामुळेच, कारण मज्जातंतूंना त्याच नलिका लागतात.

कातरणारी विकरं रोखली की प्रश्न सुटला, असंही नाही. 1990 च्या दशकात मोठ्या आशेने आणलेली एमएमपी-रोधक औषधं चाचण्यांत टिकली नाहीत. कारणं एकापेक्षा जास्त होती. प्रयोगशाळेत मात्र असं दिसलं, की कातरता आलं नाही तर काही पेशी गोल होतात आणि रो-रॉक ही इशाऱ्यांची साखळी आणि मायोसिन हे आकसवणारं प्रथिन यांच्या जोरावर अंग आकसून फटीतून निसटतात. टणक केंद्रक मात्र फार अरुंद फटीत अडकतं.

पेशी हलायला लागली की आवरणाच्या पेशीतलं केराटिन हे सांगाड्याचं प्रथिन जाऊन सुट्या पेशीतलं व्हायमेंटिन येतं, हे वाक्यही जपून वापर. तोंडाच्या कर्करोगात केराटिन तसंच ठेवून पेशी घोळक्याने शिरतानाही दिसतात.

आता काम. डिपार्टमेंटमधल्या जुन्या स्लाइड्स मागून घे. गाठीचा मध्य सोड, कडेला जा. स्नायूंच्या गुलाबी धाग्यांमध्ये पाचपेक्षा कमी पेशींचे पुंजके सुटे पडलेले दिसतील, ते मोज. खोलीही मोज: 2 सेंटीमीटरच्या आतली गाठ 5 मिलिमीटरपेक्षा खोल गेली, तर 2018 पासूनच्या वर्गीकरणात ती टी1, म्हणजे सगळ्यात सुरुवातीच्या गटात, राहत नाही. रोग्याचं ऑपरेशन किती मोठं, मानेच्या गाठी काढायच्या का, हे ठरवताना हा आकडा बघतात. कॉर्टॅक्टिनचा रंग देशील तेव्हा कडेचे आणि मधले गुण वेगवेगळे लिही, सरासरी काढू नकोस. स्लाइड मेलेल्या पेशींची असते, हालचाल तिच्यातून सिद्ध होत नाही. तेवढं वाक्य मर्यादांमध्ये घाल.

दुसरं पान बदलून गुरुवारपर्यंत पाठव. आईला नमस्कार सांग.

तुझा,
काका