खत-बियाण्यांच्या सोसायटीत कॉमर्सवाल्यांना काय काम?

तू लिहिलंयस की कॉमर्सच्या शेवटच्या वर्षाला आहेस, खत-बियाणं पुरवणाऱ्या सहकारी संस्थेत कॉस्टिंगचं, म्हणजे कशावर किती खर्च होतो ते काढायचं काम करायचंय पण घरचे म्हणतात तिथे पोती मोजण्यापलीकडे काय आहे. अगं, पोती मोजणंच तर नीट होत नाही!

बऱ्याच ठिकाणी एका कामगारामागे विक्री किती एवढंच बघतात. खताचा भाव 20 टक्के वाढला की तेवढीच पोती विकून विक्री 20 टक्क्यांनी फुगते, सगळे खूश, आणि काम मात्र होतं तेवढंच. म्हणून एक तर कामाच्या तासाला किती टन माल हलला ते काढ आणि दुसरं म्हणजे ढोबळ नफ्यातले (विक्रीतून मालाची खरेदी किंमत वजा जाता जे उरतं त्यातले) किती टक्के पगारात गेले ते. मला विचारशील तर दुसरा आकडा आधी, कारण खर्च भागतो तो त्या नफ्यातूनच.

मग उधारी. समजा ढोबळ नफा विक्रीच्या 6 टक्के आहे आणि संस्थेचं कर्ज महिना 1 टक्क्याने, तर पीक आल्यावर देतो म्हणणाऱ्याची उधारी 6 महिने राहिली की जवळजवळ सगळा नफा व्याजात गेला, पगार-भाडं-डिझेल अजून बाकीच!! साठ्याचंही तसंच, विकलेल्या मालाची वर्षाची खरेदी किंमत भागिले सरासरी साठा, उत्तर 4 आलं तर माल सरासरी 3 महिने पडून राहतो. पण हे वस्तूवार काढ हं, कारण हंगामात युरिया भराभर संपतो आणि मागच्या रॅकवर मुदत संपत आलेल्या कीटकनाशकाच्या बाटल्या तशाच धूळ खात असतात.

आणि खर्च कमी करायचा म्हणून ऐन पेरणीत दोन हमाल कमी करणाऱ्यांचं मला खरंच वाईट वाटतं. रांगेत ताटकळणारा सभासदच संस्थेचा मालक असतो, तो कंटाळून दुसरीकडे गेला की गोडाऊनचं तेच भाडं कमी पोत्यांवर पडतं आणि पोत्यामागचा खर्च उलट वाढतो.

या सुट्टीत एखाद्या संस्थेत विचारून आठवडाभर गोडाऊनच्या दारात वही आणि घड्याळ घेऊन बस. गाडी कधी आली, पावती कधी झाली, माल भरून कधी निघाली एवढंच लिही. कित्येकदा हमाल मोकळे बसलेले असतात आणि गाडी पावतीच्या टेबलापाशी अडकलेली असते. ते पान इंटरव्ह्यूला घेऊन जा, त्याआधी घरच्यांना दाखव.