विशबोन खुर्चीत पारंपरिक असं काय आहे, आणि ती सागात करून घेता येईल का?

तुम्ही विचारलंय की विशबोन खुर्ची, म्हणजे डेन्मार्कच्या हान्स वेग्नरची गोल पाठीची लाकडी खुर्ची, दिसायला इतकी साधी, मग तिचं मूळ जुन्या चिनी फर्निचरमध्ये आहे असं का म्हणतात, आणि आपल्याकडचा सुतार ती सागात करून देईल का. मी नाशिकला सुतारकाम करतो. या एका खुर्चीपायी माझी दोन वर्षं गेली आहेत, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

मिंग राजवटीत (१३६८ ते १६४४) चीनमध्ये गोल पाठीच्या खुर्च्या व्हायच्या. तिकडे त्यांना छ्वानयी म्हणतात. या खुर्चीचा जीव तिच्या कमानीत आहे. ती पाठीमागून निघते, उतरत उतरत पुढे येते आणि तीच दोन्ही बाजूंचे हात होते. मध्ये मणक्याच्या वळणाने किंचित वाकवलेली एक फळी. उत्तम खुर्च्या हुआंगहुआली नावाच्या लाकडात करत, ते आपल्या शिसवीच्याच कुळातलं.

हान्स वेग्नर डेन्मार्कचा, जन्म १९१४. वडील जोडे शिवायचे, हा चौदाव्या वर्षी सुताराकडे उमेदवारीला लागला. जुन्या चित्रांत डॅनिश व्यापारी या चिनी खुर्च्यांत बसलेले दिसतात, त्यांवरून त्याला ही कमान सुचली असं सांगतात. विशबोन त्याने १९४९ साली काढली आणि कार्ल हान्सेन अँड सून ही कंपनी ती १९५० पासून आजवर करतेय.

त्याने कमान ठेवली आणि तिच्याखालचं सामान कमी केलं. चिनी खुर्चीत पुढचे पाय बैठकीतून वर जाऊन हातांना आधार देतात. वेग्नरने ते बैठकीपाशीच थांबवले आणि मागचे पाय पुढे वळवून थेट कमानीला भिडवले. हाताची टोकं मोकळी राहिली. मधल्या फळीचा इंग्रजी 'वाय'सारखा फाटा केला, त्यामुळे कमानीला मागून दोन ठिकाणी टेकू मिळाला. मला यात कारागिराची अक्कल दिसते. नक्षी उचलणं सोपं असतं. याने जुन्या खुर्चीचा भार कुठून कुठे जातो ते ओळखलं आणि त्याला नवी वाट करून दिली.

आता सागाचं. पहिली खुर्ची मी केली तेव्हा दीड इंची फळीवर अर्धगोल आखला आणि करवतीने कापून काढला. दिसायला देखणी झाली. आठ महिन्यांनी बाबा हातावर भार देऊन उठले आणि टक्क आवाज झाला. तुटलेली कड बिस्किटासारखी सरळ होती, एक धागा निघालेला नव्हता. लाकडाची रेषा, म्हणजे त्याच्या धाग्यांची दिशा, सरळ जाते आणि कमान वळते, त्यामुळे दोन जागी रेषा कमानीला आडवी पडते. तिथे लाकडात बळच नसतं. बाबांना लागलं नाही, पण मला ती रात्र झोप आली नाही.

वेग्नरच्या खुर्चीत लाकडाची सरळ पट्टी वाफवून वाकवतात, म्हणजे रेषाही कमानीबरोबर वळते. पण बीच किंवा अॅश ही विलायती लाकडं वाफेवर जशी वळतात तसा साग वळत नाही. म्हणून मी मूळ चिनी पद्धतीकडे गेलो. ते कमान तीन किंवा पाच तुकड्यांत करत. प्रत्येक तुकडा लहान, म्हणून त्यात रेषा फारशी आडवी होत नाही. दोन तुकड्यांची टोकं निम्मी निम्मी तासून एकमेकांवर बसवायची, टोकाची बारीक जीभ समोरच्या खाचेत अडकवायची आणि मधल्या चौकोनी भोकात निमुळती पाचर ठोकायची. पाचर आत जाते तसे दोन्ही तुकडे एकमेकांकडे ओढले जातात. पहिल्यांदा ती चीर डोळ्यांदेखत मिटताना पाहिली तेव्हा मी हातातली मोगरी खाली ठेवली आणि नुसता बघत बसलो.

बैठकीचं थोडक्यात: मूळ खुर्चीत कागदाची पिळलेली दोरी असते, एका खुर्चीला सुमारे १२० मीटर, विणायला साधारण तासभर. आपल्या पावसाळ्यात ती दमट राहील, म्हणून मी जाड सुती दोरी वापरली. बाज विणणारा कुणी ओळखीचा असेल तर त्याच्या हाताला हे काम पटकन बसेल.

तर हो, सागात होईल. मापं ५५ सेंमी रुंद, ५१ खोल, ७६ उंच, बैठक ४५ वर. सुताराला एकच विचारा, कमान कशी करणार. 'फळीतून कापून' म्हणाला तर दुसरा शोधा. तुकड्यांत करणारा मिळाला तर पाचरा डिंक न लावता ठोकायला सांगा. पहिला उन्हाळा गेला की लाकूड आकसलेलं असतं, तेव्हा प्रत्येक पाचर बोटाने हलवून बघायची आणि सैल लागली तर हलकेच आत ठोकायची.