राजीनाम्याच्या आधी तिची झोप परत येऊ द्या

आदरणीय ताई,
सप्रेम नमस्कार.

आपले पत्र मी दोनदा वाचले. आपली मुलगी अठ्ठावीस वर्षांची आहे, हिंजवडीतील एका कंपनीत सॉफ्टवेअर तपासणीचे काम करते, सिंहगड रस्त्यावरून सकाळी सातची कंपनीची बस धरते आणि रात्री नऊच्या आधी क्वचितच घरी येते. या नोकरीला चार वर्षे आठ महिने झाले आहेत. आता तिला ती सोडून बी.एड. करायचे आहे आणि गणित शिकवायचे आहे. गेल्या दोन महिन्यांपासून तिची झोप उडाली आहे, रविवारी संध्याकाळ झाली की तिला रडू येते आणि मागच्या आठवड्यात ती आपल्याला म्हणाली, “सकाळी उठूच नये असं वाटतं.” आपण मला दोन प्रश्न विचारले आहेत : हा आजार आहे की हट्ट, आणि स्थळे पाहणे चालू असताना तिला नोकरी सोडू द्यावी का?

दुसऱ्या प्रश्नाकडे वळण्याआधी तिच्या त्या वाक्याविषयी लिहिणे मला आवश्यक वाटते, कारण आपण ते पत्रात ओझरते नोंदवून पुढे गेला आहात. हे वाक्य नुसत्या थकव्याचे असू शकते, आणि जीव नकोसा झाल्याचेही असू शकते. यांतले नेमके काय आहे, हे तिला विचारल्याशिवाय कळणार नाही. म्हणून घरात दुसरे कोणी नसताना तिच्याजवळ बसा आणि शांतपणे, सरळ शब्दांत विचारा, “असं म्हणतेस तेव्हा तुझ्या मनात मरणाचे विचार येतात का?” असे विचारल्याने नसलेला विचार डोक्यात शिरतो, ही आपल्याकडची भीती निराधार आहे, उलट विचारणारे कोणी भेटले की माणसाला मोकळे वाटते. उत्तर होकारार्थी आले, तर तिला एकटे ठेवू नका आणि त्याच दिवशी मानसोपचारतज्ज्ञांकडे न्या. १४४१६ हा केंद्र सरकारच्या टेलिमानस या मानसिक आरोग्यविषयक दूरध्वनी सेवेचा क्रमांक आहे. २०२२ पासून ही सेवा चोवीस तास विनामूल्य चालते आणि तेथे मराठीत बोलता येते. हा क्रमांक तिच्या आणि आपल्या, दोघींच्याही फोनमध्ये आजच जतन करून ठेवा.

उत्तर नकारार्थी आले, तरी डॉक्टरांची भेट पुढे ढकलू नका. झोप, भूक, आवडत्या गोष्टींतला रस आणि मनाची उभारी ही सारी दोन आठवड्यांहून अधिक काळ हरवलेली असतील, तर ते नैराश्य आहे का, हे तज्ज्ञांनी पाहायला हवे. त्याआधी आपल्या नेहमीच्या डॉक्टरांकडून हिमोग्लोबिन, थायरॉईड आणि बी-१२ यांची तपासणी करून घ्या, कारण यांतल्या कमतरतांमुळेही माणूस असाच गळून जातो. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये कामामुळे येणाऱ्या या प्रदीर्घ शिणवट्याची, ज्याला सगळे ‘बर्नआउट’ म्हणतात त्याची, व्याख्या केली. त्या व्याख्येत तीन गोष्टी आहेत : शक्ती संपून जाणे, कामाविषयी मनात तुटलेपण किंवा कडवटपणा येणे आणि आपल्या हातून काही नीट होत नाही असे वाटू लागणे. संघटनेने त्याला आजार म्हटलेले नाही, पण तो हट्टही नाही. आपल्या पत्रातल्या वर्णनात या तिन्ही गोष्टी मला दिसतात. निदान मात्र डॉक्टरांनीच करायचे आहे.

आता नोकरीविषयी. माझे मत असे आहे की तिने ही वाट सोडावी किंवा धरावी, हा निर्णय आज होऊ नये. रात्र-रात्र जागलेल्या माणसाला समोरच्या प्रत्येक दारातून पळून जावेसे वाटते, आणि दार चुकीचे होते की आपण थकलो होतो, हे त्याला त्या वेळी उमगत नाही. तिची शिकवण्याची ओढ खरी असावी असे मला वाटते, कारण सोसायटीतल्या दोन मुलांना ती शनिवारी गणित शिकवते आणि त्या दिवशी हसते, असे आपणच लिहिले आहे. पण ही ओढ विश्रांतीनंतरही टिकते का, हे पाहणे तिच्याच हिताचे आहे. म्हणून आधी राजीनामा न देता डॉक्टरांच्या प्रमाणपत्रावर तीन आठवड्यांची वैद्यकीय रजा घ्यावी. पगारी रजा शिल्लक असेल, तर त्या काळात नोकरी, पगार आणि विमा तिन्ही जागेवर राहतात, आणि उपचार सुरू होण्यासाठी नेमके तेच हवे असते.

पगाराखेरीज नोकरी आणखी काय देते, हे आपण सहसा मोजत नाही. १९३०च्या सुमारास ऑस्ट्रियात व्हिएन्नाजवळच्या मारिएन्थाल गावातला कापडाचा कारखाना बंद पडला, तेव्हा समाजमानसशास्त्रज्ञ मारी याहोडा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्या गावाचा बारकाईने अभ्यास केला. लोकांकडे वेळच वेळ होता, तरीही वाचनालयातून पुस्तके नेण्याचे प्रमाण घटले आणि रस्त्यावरून चालण्याची गतीसुद्धा मंदावली. काम गेले तेव्हा दिवसाचे वेळापत्रक, घराबाहेरची माणसे, कोणत्या तरी समान हेतूत असलेला वाटा आणि समाजातली ओळख हेही सोबत गेले होते. आपली मुलगी स्वेच्छेने बाहेर पडणार आहे, त्यामुळे तिची स्थिती वेगळी आहे. पण नोकरी सुटल्यानंतरचा पहिला सोमवार तिच्याही वाट्याला येणार आहेच. तो कसा जाईल, हे राजीनाम्याआधीच ठरलेले असावे. सकाळी तळजाईच्या टेकडीवर मैत्रिणीबरोबर फेरी, दहा वाजता घराबाहेरच्या एखाद्या अभ्यासिकेत बैठक आणि संध्याकाळी शिकवणीची मुले, एवढे जरी पक्के असले तरी दिवस उभा राहतो. बी.एड.चा अभ्यासक्रम दोन वर्षांचा आहे आणि प्रवेशासाठी राज्याच्या सीईटी कक्षाची परीक्षा द्यावी लागते. तिची अर्हता बसते का, हे चालू वर्षाच्या माहितीपत्रकात तपासावे आणि नोकरीची शेवटची तारीख त्या वेळापत्रकाशी जुळवावी, म्हणजे मधला रिकामा काळ कमी राहील.

स्थळांविषयी मी स्पष्ट लिहितो, रागावू नये. थॉमस होम्स आणि रिचर्ड राहे या दोन अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञांनी १९६७ मध्ये आयुष्यातल्या घटनांचा माणसावर पडणारा ताण गुणांमध्ये मांडला होता. त्यात जोडीदाराच्या मृत्यूला १००, लग्नाला ५०, आर्थिक स्थितीतल्या बदलाला ३८ आणि कामाचे क्षेत्र बदलण्याला ३६ गुण आहेत. हे आकडे आपल्या घराला जसेच्या तसे लागू होणार नाहीत, पण लग्नासारखी आनंदाची घटनासुद्धा मनावर भार टाकते, हे त्यांनी ओळखले. लग्न, आर्थिक बदल आणि कामाचे नवे क्षेत्र या तीन गोष्टी आपण एकाच वर्षात तिच्यावर आणू पाहत आहात. निदान सहा महिने कांदेपोह्यांचे कार्यक्रम थांबवावेत, आणि नातेवाइकांनी विचारले तर “ती पुढचे शिक्षण घेते आहे” एवढे उत्तर आपणच द्यावे, ते तिच्यावर सोपवू नये.

पैशांबाबत दोनच गोष्टी सांगतो. पाच वर्षांची सलग सेवा पूर्ण झाली की ग्रॅच्युइटी मिळते : मूळ वेतन ३०,००० असेल, तर पाच वर्षांचे सुमारे ८६,५०० रुपये होतात. रजा आणि नोटिशीचा काळ धरला, तर पाच वर्षांना उरलेले चार महिने फारसे न खेचताही भरू शकतात. मात्र डॉक्टर “आताच थांबा” म्हणाले, तर या रकमेसाठी तिला थांबवू नका. दुसरी गोष्ट अशी की कंपनीचा आरोग्यविमा नोकरीबरोबर संपतो, म्हणून तोच विमा वैयक्तिक पॉलिसीत वळवता येईल का, हे शेवटच्या दिवसाच्या बरेच आधी विचारावे. २०१७च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यानुसार विमा कंपन्यांनी मानसिक आजारांनाही शारीरिक आजारांप्रमाणेच संरक्षण द्यायचे असते, तरी बाह्यरुग्ण तपासणीचा खर्च बहुतेक पॉलिसींत नसतो. तो जड वाटला, तर ससून रुग्णालयात मानसोपचार विभाग आहे.

गृहकर्जाच्या २४,००० रुपयांच्या हप्त्यातला तिचा वाटा किती महिने आपण उचलू शकता, हे आपण आणि तिच्या वडिलांनी आधी ठरवा आणि तो आकडा तिला सांगा. “बघू, होईल काहीतरी” या उत्तराने तिची काळजी वाढते. आकडा लहान असला तरी चालेल, पण तो खरा असावा.

रजा संपत आली की, तिची इच्छा असल्यास, दोघी मिळून मला भेटायला या. येताना तिचे नियुक्तिपत्र आणि विम्याची कागदपत्रे आणा, म्हणजे तारखा समोर ठेवून बोलता येईल.

आपला,
करिअर मार्गदर्शक, पुणे