आधी सांधा उघड

चि. मुला,
अनेक आशीर्वाद.

फोनवर चिडलो, म्हणून लिहितो. कोयीतून नुकत्याच उगवलेल्या रोपांवर बांधलेली तुझी निम्म्याहून जास्त कोय कलमं पंधरा दिवसांत वाळली आणि तू ठरवून टाकलंस की या रायवळाची, गावठी आंब्याची, हापूसशी कंपॅटिबिलिटीच नाही, दोघं जुळतच नाहीत. अरे, खालचा खुंट आणि वर बांधलेली काडी जिथे जोडतात, तो एक तरी सांधा उघडून बघितलास का?

रायवळाच्या खुंटावर हापूस बांधतच कोकणातल्या बागा उभ्या राहिल्या. न जुळणं वेगळं, न जगणं वेगळं. आंबा आणि काजू एकाच कुळातले, तरी काजूच्या खुंटावर आंबा धरत नाही. ते न जुळणं. दुसरा प्रकार त्याहून फसवा. कलम जगतं, मोहोरतंसुद्धा, सांधा सुजत जातो आणि कैक वर्षांनी वाऱ्यात तिथेच मोडतं. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळानंतर दापोलीकडच्या बागांतून फिरलो. बहुतेक झाडं मुळासकट आडवी. एकच ऐन भरातलं झाड सांध्यावर मोडलेलं, करवतीने कापल्यासारखं गुळगुळीत. चांगला सांधा मोडला तर तंतू ओढले जातात, धसकटं निघतात. इथे दोन लाकडं इतकी वर्षं नुसती टेकून उभी होती. बागवाल्याच्या तोंडाकडे बघवेना.

तुझं तसं नाही. पट्टी सोड, ब्लेडने सांधा उघड. आत काळं पडलंय? पट्टी सैल होती, पाणी शिरलं. कोरडं आहे, पांढरट कणीदार पेशी कुठेच नाहीत? मग काडीच सुकलेली होती, नाहीतर सालीखालचा हिरवा थर थराला भिडलाच नाही. खुंट जाड, काडी बारीक असेल तर एका बाजूची तरी साल सालीला लाव. मधोमध बसवलीस की दोन्ही बाजू गेल्या. आणि काडीची पानं आठ-दहा दिवस आधी देठ ठेवून छाटली होतीस, की सकाळी तोडून दुपारी बांधलीस? मला वाटतं तेच झालं.

लोक मला हेकट म्हणतात. मेलेली कलमं उकरण्यापेक्षा तेवढ्या वेळात नवी बांधून होतील म्हणे. होतील, आणि त्याच कारणाने मरतील! मी जिथे शिकलो तिथे वाळलेली कलमं सरळ खड्ड्यात जायची, दर पावसाळ्यात. त्या खड्ड्यात किती शिकणं गाडलं गेलं, याची हळहळ अजून जात नाही. म्हणून सांगतो, सांधा उघड.

रायवळाच्या कोयी सगळ्या सारख्या नसतात, हे तुझं खरं. कुठल्या झाडाच्या कोयी कुठल्या वाफ्यात, ते लिहून ठेव. हात तोच, काडी तीच, आणि एकाच झाडाच्या कोयींवरची कलमं पुन्हा पुन्हा गेली, तर खुशाल त्या खुंटावर बोट ठेव. सांधे उघडल्यावर.

पाऊस अजून आहे. तांबूस पानांची कोवळी रोपं शिल्लक असतील तर आजच काड्यांची पानं छाट. पुढच्या आठवड्यात मी येतो. वाळलेली कलमं टाकू नकोस, मला हवी आहेत.

तुझा,
काका