सॉलिडवर्क्समध्ये स्केच करताना ग्रिड चालू ठेवावी की बंद?

सॉलिडवर्क्स या डिझाइनच्या सॉफ्टवेअरमध्ये ग्रिड, म्हणजे पडद्यावरची चौकोनांची जाळी, चालू ठेवावी की बंद, या तुमच्या प्रश्नात तीन प्रश्न आहेत. कॉलेजच्या लॅबमध्ये रेषेचं टोक आपोआप चौकोनाच्या कोपऱ्यावर उडी मारतं आणि तीच फाइल कराडला घरच्या लॅपटॉपवर उघडली की मारत नाही, हे का? झूम केलं की चौकोन बदलतात, मग एक चौकोन किती मिमीचा धरायचा? आणि सर म्हणतात ग्रिड चालू ठेवा, सीनियर म्हणतात बंद करा, तर ऐकायचं कुणाचं?

मी सांगलीत कुपवाड एमआयडीसीत मशीन डिझाइनचं काम करतो, सॉलिडवर्क्स रोजच्या हातातलं आहे. माझं उत्तर असं: ग्रिड दिसू द्या, पण ग्रिडचा स्नॅप बंद ठेवा. ग्रिड दिसणं वेगळं आणि ग्रिडने टोक ओढून घेणं वेगळं. लॅबमध्ये या दोन्ही गोष्टी एकत्रच चालू असतात, म्हणून त्या एकच वाटतात.

सॉलिडवर्क्समध्ये त्यांच्या जागाही वेगळ्या आहेत आणि तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर तिथेच आहे. टूल्समधून ऑप्शन्स उघडलं की वर दोन टॅब दिसतात. डॉक्युमेंट प्रॉपर्टीजमध्ये ‘ग्रिड/स्नॅप’ आहे. ग्रिड दाखवायची की नाही, मोठ्या रेषांमधलं अंतर किती, त्यात लहान भाग किती, हे सगळं तिथे ठरतं आणि ते त्या फाइलबरोबर जातं. ग्रिडवर टोक चिकटवायचं की नाही, हे मात्र सिस्टिम ऑप्शन्समध्ये ‘स्केच’च्या खाली ‘रिलेशन्स/स्नॅप्स’मध्ये असतं आणि ते त्या कॉम्प्युटरपुरतं असतं. तुमची फाइल पेन ड्राइव्हवरून घरी आली, लॅबच्या कॉम्प्युटरचा स्नॅप लॅबमध्येच राहिला. फाइल बिघडलेली नाही, लॅपटॉपही बरोबर आहे.

‘रिलेशन्स/स्नॅप्स’च्या यादीत ‘ग्रिड’च्या खालीच आणखी एक टिक आहे: ग्रिड दिसत असेल तरच स्नॅप करायचा. ती असेल तर ग्रिड लपवली की उडी मारणं थांबतं. ती काढलेली असेल तर ग्रिड दिसत नसतानाही टोक कुठेतरी खेचलं जातं आणि नवीन मुलगा माउस खराब झाला समजून बसतो. माझ्याकडे शिकायला आलेल्या एकाने खरंच माउस बदलून आणला होता.

आता चौकोन किती मिमीचा. माझ्याकडच्या मेट्रिक टेम्प्लेटमध्ये मोठ्या रेषांमधलं अंतर १०० मिमी आणि त्यात ४ भाग, असं आधीपासून भरलेलं होतं. म्हणजे लहान चौकोन २५ मिमीचा. पण ग्राफ पेपरची सवय असल्यामुळे मुलं तो १० चा धरतात आणि अंदाज अडीचपट चुकतो. त्यात ‘ऑटोमॅटिक स्केलिंग’ची टिक असेल तर झूमप्रमाणे ग्रिडही बदलत जाते. शिकत असेपर्यंत ही टिक काढा, म्हणजे चौकोन ठरवलेल्या मापाचाच राहील. मोठं अंतर ५० आणि भाग ५ केले की १० मिमीचे चौकोन मिळतात. बुश, स्पेसर, पिन असलं लहान काम असेल तर १० आणि १० भरा, म्हणजे चौकोन १ मिमीचा. एकदा असं जमवलं की रिकामी पार्ट फाइल टेम्प्लेट म्हणून सेव्ह करा, नाहीतर प्रत्येक नव्या फाइलला हेच करत बसावं लागेल.

स्नॅप बंद ठेवा असं मी एवढं ठासून का सांगतो, त्याला कारण आहे. नोकरीच्या पहिल्या वर्षी हळद पॉलिश करायच्या ड्रमसाठी मोटारीच्या बेडप्लेटचं, म्हणजे मोटार जिच्यावर बसते त्या प्लेटचं, डिझाइन माझ्याकडे आलं. १२ मिमीची प्लेट, अशा सहा. गिऱ्हाईक वाळवा तालुक्यातलं, हळदीचा सीझन तोंडावर. मोटार साडेसात एचपी, चार पोल, फ्रेम १३२ एस. (फ्रेमचा हा आकडा म्हणजे पायापासून शाफ्टच्या मध्यापर्यंतची उंची, १३२ मिमी. कॅटलॉग वाचताना उपयोगी पडतं.) या फ्रेमच्या पायांच्या होलांचं अंतर आडवं २१६ आणि शाफ्टच्या दिशेने १४०. मी मध्यापासून दोन्हीकडे होल काढले. ग्रिड १० ची, स्नॅप चालू. मध्यापासून १०८ वर जायचं वर्तुळ ११० च्या कोपऱ्यावर जाऊन बसलं आणि पलीकडचं मिररने तसंच आलं. १४० ला डायमेन्शन, म्हणजे आकड्यात पक्कं माप, दिलं. २१६ ला दिलं नाही, कारण वर्तुळं रेषेवर इतकी नेमकी बसलेली दिसत होती की ते काम झालं असंच वाटलं. डीएक्सएफ (कटिंगसाठी द्यायची ड्रॉइंगची फाइल) काढली आणि लेझर कटिंगला पाठवली.

प्लेट आल्यावर फिटरने मोटार ठेवली. एका बाजूचे दोन बोल्ट गेले. दुसऱ्या बाजूला मोटारीच्या पायातल्या होलातून खाली पाहिलं तर गोल होलाऐवजी डोळ्याच्या आकाराची फट दिसत होती. होल २२० वर होते. मोटारीच्या पायाचं होल १२ चं, प्लेटचं ११ चं, बोल्ट १० चा. एवढ्या मोकळीकीत एक-दोन मिमी सामावून जातात, चार नाही. त्या फिटरमामांनी मला एक शब्द बोलला नाही. गोल कानस घेतली आणि होल लांबवायला बसले. सहा प्लेटा, प्रत्येकीला दोन होल. संध्याकाळपर्यंत त्यांचे हात काळे झाले होते. मी शेजारी प्लेट धरून बसलो होतो, ते मला अजून आठवतं.

यातली मुख्य गोष्ट ही की ग्रिडवर बसलेलं टोक बांधलेलं नसतं. ग्रिडचा स्नॅप कोणतंही रिलेशन (बिंदू-रेषांना एकमेकांशी बांधणारी अट) देत नाही, माउस सोडल्यावर त्या बिंदूचा आणि ग्रिडचा संबंध संपला. म्हणून ते स्केच निळंच राहतं. निळं म्हणजे अजून हलू शकतं, काळं म्हणजे पूर्ण बांधलं गेलं. माझ्या त्या स्केचमधली वर्तुळं निळी होती. मी ग्रिडकडे पाहत होतो, रंगाकडे पाहायला हवं होतं. टाइल्सच्या फरश्या मोजून खोली साधारण किती हे आपण सांगतो, पण कपाट करायला आलेला सुतार खिशातला टेप काढतो. तो टेप म्हणजे डायमेन्शन.

स्नॅपचा दुसरा त्रास कोपऱ्यात होतो. रेषेचं टोक जवळच्या रेषेच्या टोकाला मिळायला हवं असतं, पण शेजारी ग्रिडचा कोपरा असेल तर ते तिकडे जातं. अर्ध्या मिमीची फट स्क्रीनवर दिसत नाही. एक्सट्रूड करायला, म्हणजे स्केचला जाडी द्यायला, गेलं की प्रोफाइल उघडी असल्याचं कळतं आणि मग फट शोधत बसा. म्हणून फक्त ‘ग्रिड’ची टिक काढा, बाकीचे स्नॅप राहू द्या. टोक, मध्य, सेंटर, टँजंट यांचे स्नॅप फार कामाचे आहेत, कारण ते भूमितीला धरून आहेत. मध्येच एखादं रिलेशन नको असेल तर रेषा काढताना कंट्रोल दाबून धरा.

मग ग्रिड दाखवायची तरी कशाला? पहिल्या दहा सेकंदांसाठी. नवीन स्केच उघडलं की समोर रिकामा पांढरा पडदा असतो आणि आपण किती झूमवर आहोत हे कळत नाही. ९० ची म्हणून काढलेली रेषा ९०० ची निघते, डायमेन्शन टाकलं की ती एकदम आखडते आणि आजूबाजूचं सगळं उलटंपालटं होतं. ग्रिड दिसत असेल तर आपण साधारण खऱ्या मापात काढतो आणि डायमेन्शन टाकताना आकार मोडत नाही. तुमचे सर ग्रिड चालू ठेवा म्हणतात ते यासाठी असेल, आणि ते बरोबर आहे. हँडल, कव्हर अशा वळणदार आकारात स्प्लाइन (वळणदार रेषा) काढतानाही दोन्हीकडचा फुगवटा सारखा आहे का, हे ग्रिडवर लगेच दिसतं. दोन-चार डायमेन्शन पडली की मी ग्रिड बंद करतो, कारण मग आकडे आणि रेषा एकमेकांत गुंततात. स्केच उघडं असताना रिकाम्या जागी राइट क्लिक करा, ‘डिस्प्ले ग्रिड’ तिथेच आहे.

डिप्लोमाला ऑटोकॅड हे ड्रॉइंगचं सॉफ्टवेअरही असेल. तिथे एफ ७ ने ग्रिड दिसते, एफ ९ ने स्नॅप चालू-बंद होतो, दोन कळा वेगळ्या असल्यामुळे गोंधळ कमी. पण झूम आउट केलं की तिथलीही ग्रिड आपोआप विरळ होते, तेव्हा तिथेही चौकोन मोजून माप काढू नका. आणि ती ग्रिड प्रिंटमध्ये येत नाही, त्यामुळे सबमिशनच्या आधी बंद करायची राहिली म्हणून घाबरू नका.

लॅबच्या कॉम्प्युटरवर सिस्टिम ऑप्शन्स बदलायच्या आधी सरांना विचारा, कारण तिथे बसणाऱ्या पुढच्या मुलालाही तेच सेटिंग मिळणार आहे. घरच्या लॅपटॉपवर मात्र आजच बघून घ्या आणि तुमचं एखादं जुनं स्केच उघडून त्यात निळं काय राहिलंय ते पाहा. अडलं तर कमेंटमध्ये स्क्रीनशॉट टाका, मी रात्री नऊनंतर बघतो.