केमिस्ट्रीसाठी पाच विद्यापीठं निवडताना

प्रश्न: नमस्कार ताई. आम्ही मूळचे पुण्याचे, सध्या मिल्टन कीन्सला असतो. मिस्टर आयटीत आहेत, स्किल्ड वर्कर व्हिसावर. पुढच्या जूनमध्ये इथे पाच वर्षं होतील. लेक इयर ट्वेल्व्हमध्ये, म्हणजे आपल्या अकरावीत आहे. ए-लेव्हलला, म्हणजे इथल्या शाळेच्या शेवटच्या परीक्षेला, केमिस्ट्री, मॅथ्स आणि बायॉलॉजी. ग्रेडचा शाळेचा अंदाज आहे ए-स्टार, ए, ए. तिला केमिस्ट्रीच करायची आहे. ह्यांनी जागतिक क्रमवारी उघडून वरची पाच नावं काढून ठेवली आहेत: ऑक्सफर्ड, केंब्रिज, इम्पीरियल, यूसीएल, एडिनबरा. ह्यांचा मित्र म्हणतो, चार ठिकाणी मेडिसिन टाका आणि पाचवी केमिस्ट्री. सासरे फोनवर विचारतात, माटुंग्याच्या यूडीसीटीत का नाही पाठवत? यादी चुकली तर मुलीचं वर्ष जाईल या धास्तीने मला काही सुचत नाहीये. — एक आई

उत्तर: मिस्टरांची यादी आहे तशी पाठवताच येणार नाही, तेव्हा तिच्यावरचा वाद आजच मिटवा. ऑक्सफर्ड आणि केंब्रिज या दोघांना एकाच वर्षी पदवीचा अर्ज करता येत नाही, दोघांतलं एकच निवडावं लागतं. त्यातही केंब्रिजला केमिस्ट्री म्हणून वेगळा प्रवेश नाही. तिथे नॅचरल सायन्सेसला जायचं, पहिल्या वर्षी इतर विज्ञान विषय आणि गणितही करायचं आणि पुढे हळूहळू केमिस्ट्रीकडे वळायचं. शिवाय ईसॅट नावाची प्रवेशपरीक्षा द्यावी लागते आणि तिची नोंदणी वेगळी करायची असते. फिजिक्स सोडून द्यावंसं वाटत नाही अशा मुलीला तो अभ्यासक्रम आवडेल, पण ‘मला पहिल्या दिवसापासून केमिस्ट्रीच हवी’ म्हणणारीला नाही. ऑक्सफर्डची एमकेम, म्हणजे मास्टर्सपर्यंतची सलग पदवी, सरळ चार वर्षांची आहे, चौथं वर्ष पूर्ण संशोधनाचं. केमिस्ट्री आणि मॅथ्स दोन्ही लागतात, ते तुमच्या लेकीकडे आहेत. पण ऑफरची अट असते ए-स्टार, ए-स्टार, ए. म्हणजे शाळेच्या आजच्या अंदाजापेक्षा एक पायरी वर. हा अंदाज उन्हाळ्याच्या परीक्षेनंतर बदलू शकतो का, हे तिने तिच्या केमिस्ट्रीच्या शिक्षकांना विचारावं. नसेल बदलणार, तर अर्जात पाचच जागा असतात, त्यातली एक तिथे घालवण्याआधी दोनदा विचार करा.

आता क्रमवारीबद्दल. आपण महाराष्ट्रातून कटऑफ याद्या डोक्यात घेऊन येतो. रुईयाला इतके टक्के, फर्ग्युसनला इतके, ज्याचा आकडा वरचा ते कॉलेज चांगलं. जागतिक क्रमवारी दिसली की तोच चष्मा आपोआप चढतो. पण त्या क्रमवारीत मोठा वाटा असतो तो संशोधनाचा, शोधनिबंध किती उद्धृत झाले त्याचा, इतर प्राध्यापक त्या विद्यापीठाला किती मानतात त्याचा. पहिल्या वर्षाच्या मुलीला आठवड्यात किती तास प्रयोगशाळेत उभं राहायला मिळेल, तिचा लॅब रिपोर्ट कोण तपासेल, चार-सहाजणांच्या ट्युटोरियलमध्ये तिला कोण शिकवेल, हे त्या आकड्यात शोधून सापडत नाही. केमिस्ट्री हा तर हाताने शिकायचा विषय. म्हणून माझं म्हणणं एवढंच, की विद्यापीठाचं नाव नंतर, आधी केमिस्ट्रीचा विभाग बघा.

विभाग कसा बघायचा? ओपन डे जूनमध्ये आणि मग सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये असतात. जा, पण मुख्य सभागृहातलं भाषण चुकलं तरी चालेल, प्रयोगशाळेची फेरी चुकवू नका. तिथे पांढरा कोट घालून उभी असलेली दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाची मुलं असतात. त्यांना प्रश्न लेकीने विचारायचे; तुम्ही दोघं जरा मागे, कॉफीच्या रांगेत. लॅब किती तास? तिसऱ्या वर्षाचा प्रोजेक्ट स्वतः निवडता येतो का? एनएमआरसारखी यंत्रं पदवीच्या मुलांना हाताळायला मिळतात, की फक्त काचेतून दाखवतात? गणित कच्चं असलेल्यांसाठी वेगळे वर्ग असतात का? मुलं खरं सांगतात. प्राध्यापकही सांगतात, पण जरा इस्त्री करून.

प्रत्येक विभागाचा स्वभाव वेगळा. यॉर्कला ग्रीन केमिस्ट्रीचं मोठं केंद्र आहे. ब्रिस्टलची ‘केमलॅब्ज’ ही प्रयोगशाळेतलं शिक्षण गांभीर्याने घेणारी जागा म्हणून नावाजलेली. लिव्हरपूलला युनिलिव्हरच्या साथीने उभी राहिलेली मटेरियल्स इनोव्हेशन फॅक्टरी आहे, यंत्रमानवांकडून प्रयोग करून घेणारी. नॉटिंगहॅमला शाश्वत रसायनशास्त्रासाठी बांधलेली प्रयोगशाळा. ग्लासगोत स्ट्रॅथक्लाइडचा विभाग तर नावातच ‘शुद्ध आणि उपयोजित’ असं दोन्ही मिरवतो. बायॉलॉजी आवडणाऱ्या मुलीने औषधनिर्मितीकडे झुकणारा, मेडिसिनल केमिस्ट्रीचा फाटा कुठे आहे तेही बघावं. तुमच्या यादीत यातलं एकही नाव नाही, याचं मला जरा वाईट वाटलं. शेफील्डही नाही. सी-साठ हा फुटबॉलसारखा कार्बनचा रेणू शोधल्याबद्दल १९९६चं नोबेल मिळालेल्यांपैकी एक, हॅरी क्रोटो, शेफील्डला शिकले आणि त्यांनी नोकरीची बरीचशी वर्षं ससेक्समध्ये काढली. दोन्ही नावं तुमच्या मिस्टरांच्या क्रमवारीत बरीच खाली सापडतील.

क्रोटोंचं नाव निघालंच आहे तर एक सावधगिरी. ब्रिटनमध्ये केमिस्ट्रीचे विभाग बंदही होतात. प्रयोगशाळा चालवणं महाग, आणि विद्यार्थी कमी झाले की विद्यापीठाची नजर आधी तिकडे जाते. किंग्ज कॉलेज लंडनने २००३ मध्ये विभाग बंद केला आणि काही वर्षांनी पुन्हा सुरू केला. एक्सेटरने २००४ मध्ये बंद करायचं ठरवलं तेव्हा क्रोटोंनी तिथली मानद पदवी परत केली होती. ससेक्सचा विभाग २००६ मध्ये थोडक्यात वाचला. हल्लीचं उदाहरण हलचं, तिथे २०२४ मध्ये विभाग बंद करण्याचं जाहीर झालं. शिकत असलेल्या मुलांना सहसा पदवी पूर्ण करू दिली जाते, पण शिक्षक निघून जाऊ लागलेल्या विभागात चार वर्षं काढणं काही सुखाचं नाही. तेव्हा यादीतल्या प्रत्येक विभागाच्या गेल्या वर्षभरातल्या बातम्या वाचा. पहिल्या वर्षाला किती मुलं आहेत, हे तोंडावर विचारायलाही लाजू नका.

बीएस्सी की एमकेम, हा प्रश्न तुम्ही विचारला नाहीत, पण तो येणारच. इंग्लंडमध्ये बीएस्सी तीन वर्षांची, एमकेम किंवा एमसाय चार वर्षांची. स्कॉटलंडमध्ये दोन्हींना एकेक वर्ष जास्त; म्हणजे एडिनबराची एमकेम पाच वर्षांची, आणि इंग्लंडहून जाणाऱ्यांना तिथली फी स्वतः भरावी लागते. रॉयल सोसायटी ऑफ केमिस्ट्रीची मान्यता असलेली एमकेम ‘चार्टर्ड केमिस्ट’ होण्यासाठीची शैक्षणिक अट पूर्ण करते, बीएस्सी ती अर्धवटच पूर्ण करते. माझा कल एमकेमसाठी अर्ज करण्याकडे आहे, कारण तिथून बीएस्सीवर उतरणं सोपं असतं. उलट चढायचं तर ठराविक गुण लागतात. आणि पैशाचं गणितही आहे: एमकेमच्या चौथ्या वर्षाची फी पदवीच्या कर्जातून भागते. बीएस्सी करून वेगळी मास्टर्स केली तर कर्ज वेगळं, तेही ठराविक मर्यादेचं, ज्यात फी आणि राहणं दोन्ही बसवायचं. अर्थात हे कर्ज मिळायला पात्र असलेल्यांसाठी. फी आणि व्हिसाबद्दल खाली लिहिते, कारण तुमच्या पत्रातली सगळ्यात महाग ओळ व्हिसाचीच आहे.

‘इयर इन इंडस्ट्री’ जोडलेला अभ्यासक्रम मिळाला तर जरूर घ्यावा. एक वर्ष औषधकंपनीत किंवा रंग, साबण, बॅटरी बनवणाऱ्यांकडे, बहुतेकदा पगारासह. त्या वर्षाची फीही बरीच कमी असते. मात्र अभ्यासक्रमाच्या नावात ती ओळ आहे म्हणजे नोकरी हातात आली असं नाही. दुसऱ्या वर्षाच्या सुरुवातीलाच अर्ज, मुलाखती सुरू होतात आणि जागा मुलीने मिळवायची असते. विभागात यासाठी पूर्णवेळ माणूस आहे का आणि गेल्या वर्षी इच्छा असलेल्या किती मुलांना जागा मिळाली, एवढं विचारलंत की त्या विभागाची खरी स्थिती कळेल.

मिस्टरांच्या मित्राचा सल्ला मला मुळीच पटला नाही. चार मेडिसिन आणि पाचवं दुसरं काही, ही चाल जिला डॉक्टरच व्हायचंय तिच्यासाठी आहे, कारण यूकॅस, म्हणजे जिच्यामार्फत हे अर्ज जातात ती संस्था, मेडिसिनला चारच जागा देते आणि पाचवी मोकळी राहते. तुमच्या लेकीला डॉक्टर व्हायचंच नाही. त्यातून एकच पर्सनल स्टेटमेंट, म्हणजे अर्जातलं स्वतःबद्दलचं निवेदन, पाचही ठिकाणी जातं. हॉस्पिटलमधल्या अनुभवावर लिहिलेलं ते वाचून केमिस्ट्रीचा प्रवेश-अधिकारी काय समजायचं ते समजतो.

आणि सासऱ्यांना सांगा, त्यांचं चुकलेलं नाही, फक्त विषय दुसरा आहे. यूडीसीटी, म्हणजे आताची आयसीटी, १९३३ पासूनची संस्था, डॉ. रघुनाथ माशेलकर तिथलेच. पण तिची ख्याती मुख्यतः रासायनिक अभियांत्रिकी आणि तंत्रज्ञानाची. इथे केमिकल इंजिनिअरिंग ही पूर्ण वेगळी पदवी आहे, वेगळा विभाग, वेगळी मान्यता. तिच्यात रेणू नवा कसा बनवायचा यापेक्षा तो टनावारी, सुरक्षितपणे आणि स्वस्तात कसा बनवायचा हा प्रश्न मोठा. लेकीला यातलं नक्की काय खुणावतंय, हे आजोबांनीच तिला विचारलं तर बरं. नातवंडं त्यांना खरं उत्तर देतात.

आता फी. इंग्लंडमध्ये होम फी, म्हणजे इथल्या रहिवाशांसाठीची फी, २०२५-२६ साठी वर्षाला ९,५३५ पौंड होती. परदेशी विद्यार्थ्याची केमिस्ट्रीची फी नावाजलेल्या ठिकाणी २५ हजारांच्या पुढे, काही ठिकाणी ४० हजारांहूनही अधिक. तुमची लेक कुठल्या रांगेत बसेल, ते तिची शाळा किंवा तुमचा आयकर ठरवत नाही. साधारण नियम असा, की अभ्यासक्रमाच्या पहिल्या शैक्षणिक वर्षाच्या पहिल्या दिवशी, शरद ऋतूत सुरू होणाऱ्यांसाठी १ सप्टेंबरला, तिच्याकडे कायम वास्तव्याचा हक्क (आयएलआर) हवा आणि त्याआधीची तीन वर्षं ती इथेच राहत असायला हवी. हक्क तिच्या स्वतःच्या नावावर हवा. बाबांना आयएलआर मिळाला एवढ्याने भागत नाही. तुमची पाच वर्षं पुढच्या जूनमध्ये भरतात, म्हणजे तिचा आयएलआर त्यानंतर दोन-अडीच महिन्यांत हातात पडायला हवा. वर, हा पाच वर्षांचा काळ वाढवण्याचा प्रस्ताव सरकारने मे २०२५ मध्ये मांडला होता, तेव्हा मान्यताप्राप्त इमिग्रेशन सल्लागाराकडे आत्ताच एकदा जाऊन या. मैत्रिणीच्या व्हॉट्सअ‍ॅपवर विसंबू नका. (ज्यांची मुलं लहानपणी इथे आली त्यांच्यासाठी: अठरा पूर्ण झालेल्या मुलाने अर्धं आयुष्य या देशात काढलं असेल, तर आयएलआरशिवायही होम फीची एक वाट आहे. यूकेसीसा या संस्थेच्या संकेतस्थळावर सगळे प्रकार नीट दिले आहेत.)

आयएलआर उशिरा येणार असं दिसलं तर प्रवेश एक वर्ष पुढे ढकलायची विनंती करता येते. आपल्याकडे ‘वर्ष गेलं’ म्हटलं की घरात सुतक पडतं. पण चार वर्षांच्या पदवीत होम आणि परदेशी फीतला फरक साठ हजार ते एक लाख पौंडांच्या पुढे जाऊ शकतो, आणि मधल्या वर्षात मुलगी एखाद्या प्रयोगशाळेत नोकरी करून अनुभव घेऊ शकते. माझ्या मते असं वर्ष गेलेलं नसतंच.

एवढं पाहिल्यावर यादी तुमची तुम्हालाच करता येईल. आजच्या अंदाजावर मी म्हणेन, आवाक्याच्या किंचित वरची एक किंवा फार तर दोन, ए-स्टार, ए, ए च्या आसपासच्या दोन, आणि निदान एक अशी की जिथे एका विषयात घसरली तरी जागा मिळेल आणि जिथे जायला ती मनापासून तयार आहे. हे शेवटचं महत्त्वाचं. ऑफर आल्यावर दोनच ठेवता येतात, एक फर्म (पहिली पसंती) आणि एक इन्शुरन्स (ती हुकली तर राखीव). कितीतरी घरांत दोन्ही सारख्याच ग्रेडच्या ठेवल्या जातात, आणि मग एक सुटली की दुसरीही सुटते.

ऑक्सफर्ड-केंब्रिजची मुदत १५ ऑक्टोबर, बाकीच्यांची जानेवारीच्या मध्यावर. शाळेची आतली मुदत त्याहून बरीच आधी असते. स्टेटमेंट आता तीन प्रश्नांच्या उत्तरांत लिहायचं, सगळं मिळून ४,००० अक्षरं. त्यात ‘लहानपणापासून आवड’ नको. जूनमधलं इयर ट्वेल्व्हसाठीचं केंब्रिज केमिस्ट्री चॅलेंज किंवा रॉयल सोसायटी ऑफ केमिस्ट्रीचं ऑलिम्पियाड दिलं असेल, तर त्यातला न सुटलेला एखादा प्रश्न आणि नंतर तिने त्याचा कसा पाठपुरावा केला, हे लिहिलं तर वाचणारा थांबतो.

आणि ऑगस्टची पुण्याची तिकिटं काढू नका. ए-लेव्हलचे निकाल ऑगस्टच्या मध्यावर सकाळी लागतात. फर्म आणि इन्शुरन्स दोन्ही हुकल्या तर त्याच दिवशी क्लिअरिंगमध्ये, म्हणजे उरलेल्या जागांच्या फेरीत, फोन करायचे असतात. केमिस्ट्रीच्या जागा तिथे दरवर्षी निघतात, चांगल्या विभागांतही. फोन मात्र लेकीनेच करायचा. विद्यापीठं आईबाबांशी बोलत नाहीत, मुलीने यूकॅसच्या अर्जात तुमचं नाव अधिकृत प्रतिनिधी म्हणून घातलं असेल तरच बोलतात. ते आधीच घालून ठेवा, आणि त्या सकाळी चहा करून तिच्या शेजारी बसा.